बटव्यातली पावलं

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाजवळ या. जास्वंदीची फुलं मागून तोडा, श्रावण काही आजच संपत नाही. हळू बोलते हं, आमचे हे ओसरीवर पेपर वाचून राहिलेत, अन् त्यांचे कान तुम्हाला माहीतच आहेत.

आपले कोपऱ्यावरचे सर... हो, भूगोलवालेच. आज सकाळच्या एसटीनं गेले ना अकोल्याला, व्याह्यांकडे. काकू पण गेल्या. आता व्याह्यांकडे जाताना माणूस काय नेतं? लाडूचा डबा, ब्लाउजपीस, फार तर एखादी साडी. यांच्या पिशवीत काय होतं सांगू? बूट! दोन जोड! सरांचे पांढरे, अन् काकूंचे चक्क जांभळे. ऑटोत बसता बसता मला म्हणतात कशा, "येतो वो. सोमवारी अकोल्याले चालाचं हाय नं."

चालायचं आहे! सरांना! रिटायर झाल्यापासून ज्या माणसाला पाण्याचा ग्लास हातात आणून द्यावा लागायचा, त्या सरांना! तुम्हीच सांगा, मला रात्री झोप कशी लागायची? म्हणून म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालते.

तर काय सांगत होते... सगळं सुनेपासून सुरू झालं. पुण्याची सून, पण मूळची अकोल्याची. दिवाळीला आली, सासऱ्यांचा बटणाचा फोन काढून घेतला अन् नवा कोरा स्मार्टफोन दिला. सर आधी कुरकुरले, मग भजनं अन् बातम्या सापडल्यावर गप्प झाले. जाता जाता त्या पोरीनं काय केलं, फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं. अन् तेवढ्यावर थांबली असती तर ठीक. तिकडे अकोल्याला बापाच्या फोनमध्येही तेच टाकलं. दोन्ही म्हातारे एकाच फॅमिली ग्रुपवर. हुशार पोरगी! मला तर तेव्हाच वाटलं होतं, ही काहीतरी रांधून राहिली.

आता सरांचं सांगू का, डॉक्टरांनी काय कमी सांगितलं होतं? साखर वाढली, गुडघे कुरकुरतात, थोडं चाला. पासष्टीच्या पुढच्या माणसानं आठवड्याला दीडशे मिनिटं तरी अंग हलवावं अन् तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते म्हणे. सरांनी डॉक्टरांना काय उत्तर दिलं असेल? "जन्मभर वर्गात उभा राह्यलो, डॉक्टरसाहेब. आता बसू द्या." झालं! डॉक्टर हसले, काकूंनी कपाळावर हात मारला, अन् सर पुन्हा खुर्चीत.

पण एक दिवस सकाळी सातला ग्रुपवर अकोल्याहून फोटो आला. गुलाबाचं फूल, खाली 'सुप्रभात', अन् त्याच्या खाली व्याह्यांच्या पावलांचा आकडा. आठ हजारांच्या वर! व्याही कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले, घरही तिकडेच जवळ. १९६९ साली उभं झालेलं ते पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, मोठाली झाडं, रुंद रस्ते, सकाळी अर्धं अकोला तिथं फिरायला. त्यांना काय हो, फाटकातून आत शिरलं की झालं. सुनेनं लगेच अंगठा दाखवला, मुलानं टाळ्या वाजवल्या. मग सून विचारते, "बाबा, तुमचे किती झाले?"

सरांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, पाहिला. सहाशे अन् काही. त्यातली निम्मी बाथरूमची. काकू सांगत होत्या, "असं तोंड उतरलं वो त्यायचं, जसा काही पेपर फुटला." चहासुद्धा तसाच ठेवला. अन् थोड्या वेळानं खुर्चीतून उठून उभे राहिले अन् म्हणाले काय, "अमरावतीच्या माणसानं अकोल्याच्या माणसाकडून हारावं? आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ ले बर्लिनच्या ऑलिम्पिकात मल्लखांब दाखवून आली!" आता १९१४ पासूनचं ते मंडळ, त्याच्या आखाड्याची पायरी सर कधी चढले नाहीत. पण अभिमान म्हटला की आखाडा आपल्याच अंगणात असते. दुसऱ्या दिवशी पहाटे मफलर गुंडाळून स्वारी मालटेकडीच्या दिशेनं निघाली. टेकडी चढले नाहीत हं, नुसते दिशेनं गेले.

मग रोजचंच सुरू झालं. सकाळी सात वाजले की ग्रुपवर दोन आकडे. हळूहळू सर वडाळी तलावापर्यंत जायला लागले, कधी छत्री तलाव. व्याह्यांनी टोमणा मारला, "सर, अमरावती-अकोला रस्ता आठवते नं? २०२२ च्या जूनमंदी ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं, गिनीज बुकात गेलं. तुमच्यासाठीच टाकलं म्हणा. या आता चालत!" ग्रुपवर नुसता हसण्याचा पाऊस. सरांनी उत्तर दिलं नाही. पण त्या संध्याकाळी पुन्हा फिरून आले.

एकदा तर काय झालं, थांबा, हे ऐका. थंडीत भल्या पहाटे सर मोठी चक्कर मारून आले, घामाघूम. फोन पाहतात तर आकडा जिथल्या तिथे! बॅटरी सेव्हर लागलेला होता म्हणे, त्यानं मागचं ॲपच झोपवून टाकलं. सर खांबाला टेकून उभे. "म्हणजे आज मी चाललोच नाही?" काकू म्हणाल्या, "पायाले ईचारा की, चालले का नाही ते." पण सरांना पायाची साक्ष चालत नव्हती. नाश्ता झाला, चार्जिंग झालं, सेटिंग बदललं, अन् माणूस पुन्हा बाहेर! सांगा, कोण डॉक्टर हे करवून घेणार होता?

ते मोजतं कसं, हे मी त्यांच्या नातवाला विचारलं होतं बरं का. फोनात एक इवलंसं सेन्सर असते, ते वर-खाली, मागे-पुढे, आजूबाजूला, तिन्ही दिशांचे हिसके टिपते. चालताना दर पावलाला अंगाला ठरावीक तालात हिसका बसतो, तो ओळखून ॲप आकडा वाढवते. झोपाळ्यावर बसलं तर वाढत नाही. हो, सरांनी करून पाहिलं होतं. अर्धा तास झोके घेतले, अन् आकडा हलला नाही म्हणून कडीला तेल नाही म्हणाले!

बरं, तर काय सांगत होते... काकूंचं. खरी गोष्ट तर तिथे आहे.

सरांची ही सगळी मिरवणूक काकू मुकाट्यानं पाहून राहिल्या होत्या. एक दिवस सर जेवताना म्हणाले, "तू पण थोडी चालत जा. दिवसभर घरातच असते." बाप्पा! काकूंच्या हातातली भाकर तव्यावरच राहिली. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाचा जुना फोन काढला, भाचीकडून त्यात तेच ॲप टाकून घेतलं. पण साडीला खिसा कुठं असते हो? फोन ओट्यावर ठेवला तर ओट्याचीच पावलं मोजणार. म्हणून त्यांनी काय केलं, आपला तो लग्नातला मखमली बटवा काढला, फोन त्यात घातला, नाडी कमरेला घट्ट बांधली अन् कामाला लागल्या. सडा, झाडलोट, गच्चीवर सांडगे, खाली दळण, मागल्या दारी धुणं, पुढल्या दारी दूधवाला, देवघर, पुन्हा गच्ची. रात्री भांडी आवरून त्या बटव्याची गाठ सोडली अन् सरांच्या पुढ्यात फोन ठेवला.

सर बघतात तर सहा हजार दोनशे. त्या दिवशी सरांचे पाच हजार होते, तेही वडाळीला जाऊन, बूट घालून, घरी येऊन उसाच्या रसाची फर्माईश करून! काकू म्हणतात, "मी काही बोललीच नाही वो. नुसती पाहत होती त्यायच्याकडं." तोंड असं झालं होतं म्हणे की काकूंनाच दया आली. दुसऱ्या दिवशी पाण्याचा ग्लास सरांनी स्वतः उठून घेतला. मी खिडकीतून पाहिलं ना! खोटं कशाला सांगू?

अन् ही बातमी अकोल्याला पोचायला किती वेळ लागतो? तिकडच्या विहीणबाईंनीही बटवा काढला. आता ग्रुपवर चार आकडे यायला लागले. अन् दोघी पुरुषांच्या पुढे!

मग पुण्याची सून एके रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाली की, आई, तुमच्यासारखंच अमेरिकेत शास्त्रज्ञांनी केलं. हार्वर्डच्या आय-मिन ली बाईंचा अभ्यास, २०१९ साली छापून आला. १६,७४१ बायका, सरासरी वय ७२, अन् प्रत्येकीच्या कमरेला यंत्र, सात दिवस. कमरेलाच हो! काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. मग चार-एक वर्षं त्या बायकांची खबर ठेवली. दिवसाला २,७०० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मरणाचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. ७,५०० पर्यंत फायदा वाढत गेला, त्याच्या पुढे फारसा नाही. अन् भरभर चाला की हळू, एकूण पावलं सारखी असली तर त्यानं विशेष फरक पडला नाही. आता चालल्या म्हणून टिकल्या, की मुळात धडधाकट म्हणून चालल्या, हे अशा अभ्यासात छातीठोक सांगता येत नाही, असंही सून म्हणाली. पोरगी नीट सांगते हं, उगाच फुगवत नाही.

सर खुर्चीतून ओरडले, "मग दहा हजार कुठून आले? माझ्या फोनात तर पहिल्या दिवसापासून दहा हजार मांडून ठेवले हाय!" तर ते म्हणे जपानचं. १९६४ साली टोकियोला ऑलिम्पिक झालं, लोकांना व्यायामाचं वेड लागलं, अन् १९६५ साली यामासा नावाच्या घड्याळं करणाऱ्या कंपनीनं कमरेला लावायचं मोजणी-यंत्र काढलं. दहा हजार हा आकडा त्या यंत्राच्या नावातच होता, विकायला बरा. कुण्या डॉक्टरानं तपासून काढलेला नव्हे! सरांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. महिनोन्‌महिने दहा हजार होत नाहीत म्हणून जीव खाल्ला होता काकूंचा, अन् तो आकडा निघाला दुकानदाराचा. मग हसले, अन् लगेच लक्ष्य सात हजारांवर आणलं. काकू म्हणाल्या, "पाच करा नं, गुडघे तुमचेच हाय."

मी तेव्हा मध्येच म्हटलं होतं, आमची भाची सिंगापूरला आहे, तिकडे २०१५ पासून सरकारच चालायची स्पर्धा घेते, पावलांचे पॉइंट, पॉइंटांचे कूपन. आपल्याकडेही २९ ऑगस्ट २०२१ ला, खेळ दिवसाला, फिट इंडियाचं ॲप निघालं. तर काकू कशा म्हणाल्या माहिती आहे? "आपल्याले कूपन काय कराचं? ईनबाईचा टोमणा भेटते, तेच लय झालं."

आता मे महिन्यातलं सांगते, पण हे तुमच्या-माझ्यात हं. सुट्टीत नातू आला होता. एक दिवस सरांचा आकडा एकदम चौदा हजार! ग्रुपवर बोंब. अकोल्याला व्याह्यांनी चहा तसाच टाकून दिला, असं विहीणबाईंनी काकूंना फोनवर सांगितलं. सर मिशीत हसत बसले. काकूंना मात्र चैन नव्हतं. "संध्याकायी चार ते सहा तर हे घोरून राह्यले होते. मंग चाललं कोण?" रात्री व्हिडिओ कॉल लागला. सगळे हजर, पुणे, अकोला, अमरावती. अन् ते पोट्टं मागून येऊन खणखणीत विचारते, "आजोबा, उद्या पण तुमचा फोन खिशात घेऊन ग्राउंडवर खेळायला जाऊ का?"

काय शांतता पसरली म्हणता! सरांनी पंख्याकडे पाहिलं. व्याही स्क्रीनमध्ये असे पुढे सरकले की नुसतं नाकच दिसत होतं. म्हणाले, "सर, भूगोलात असंच नकाशे काढवून घेत होते का पोरांकडून?" आठ दिवस सर ग्रुपवर फिरकले नाहीत. चालले मात्र रोज. फोन घरी ठेवून! काकूंनी शेवटी स्वतःच्या हातानं तो त्यांच्या खिशात कोंबला.

पण एक सांगते, त्याच मे महिन्यात जे झालं, त्यानंतर मी या प्रकाराला नावं ठेवायची सोडली. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. २०२४ च्या मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला तर कलेक्टरांनी उन्हापायी १४४ कलम लावलं होतं, आठवते नं? तर या मे मध्ये एक दिवस सकाळी व्याह्यांचा आकडा आलाच नाही. सात वाजले, साडेसात वाजले. गुलाबाचं फूल नाही, सुप्रभात नाही. सरांनी उघडून पाहिलं, कालच्या दुपारनंतर पाऊलच नाही. सर म्हणाले, "हा माणूस असा बसणारा नाही." लगेच फोन लावला. विहीणबाई रडवेल्या. आदल्या दिवशी बाजारातून भर उन्हात आले, रात्रीपासून ताप, उलट्या, अन् पोरीला कळवू नको म्हणून दटावलं होतं. सरांनी फोनवरच जो आवाज लावला, शाळेतला! अर्ध्या तासात शेजारचा मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. सलाईन लागलं, दोन दिवसांत घरी आले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं.

तेव्हापासून दोघांच्या बोलण्यात टोमणे तेच, पण सकाळचा आकडा आला नाही की फोन जातो. अन् उन्हाळाभर दोघंही उजाडायच्या आत घराबाहेर, पाण्याची बाटली घेऊन.

आमचे हे म्हणतात, "चालायला फोन कशाला पाहिजे? गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन लोक अकोल्याच्या राजेश्वराला येतात, सतरा-अठरा किलोमीटर, अनवाणी. शेगावला पायी जातात. त्यांनी कधी पावलं मोजली?" मी म्हटलं, अहो, पण ते एकटे चालतात का? पुढे माणूस, मागे माणूस, थकलं की कुणीतरी नाव घेऊन हाक मारते. इथे लेक पुण्याला, व्याही अकोल्याला, भाची समुद्रापार. या म्हाताऱ्यांच्या हाती उरली ती ही फोनातली दिंडी. कुणीतरी पाहून राहिलं, उद्या सकाळी विचारणार आहे, म्हणून उठतात ते. नुसत्या ॲपनं कोणी उठलं असतं, तर आमचे हे केव्हाच उठले असते. त्यांच्याही फोनात आहे ते, उघडलं कुणी?

तर असं आहे. सोमवार श्रावणातला शेवटचा, राजेश्वराची कावडयात्रा. चौघं मिळून वाटेतला थोडा तुकडा कावडीसोबत चालणार, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. पैज लागली आहे. मला विचाराल तर पुरुषांनी आत्ताच हार मानावी. बटवा जिंकणार!

अन् आता तुमचं बोला. तुमच्या सासूबाई दिवसभर त्या खाटेवर बसून असतात, त्यांच्या बहिणीचं घर कुठं म्हणालात, बडनेऱ्याला नं? दोघींचे फोन आणा, ॲप कुणाकडून तरी टाकून घेऊ. दहा हजारांचं भूत डोक्यात घेऊ नका. आज जेवढं चालतात त्याच्यावर थोडी भर घाला, गुडघ्याचं, छातीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, बॅटरी सेव्हर काढा, अन् सकाळी आकडा विचारायला कुणीतरी ठेवा. कुणी नसेल तर मी विचारीन. मला काय, तसंही तुमच्याकडचं सगळं विचारतेच मी!